फोटो मुलाचा, ओळख मुलीची

सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीत दिवसभर दारं उघडीच. मांडीवर सूप घेऊन बाई उंबऱ्याशी बसते. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते. पोरं या घरातून त्या घरात. कोण कुणाचं, हे इथं कुणाला विचारावं लागत नाही.

अशा वस्तीत, समजा, पंधरा वर्षांच्या मुलानं शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केला. गुन्हा दाखल होतो, मुलाला बाल न्याय मंडळापुढं हजर करतात. आणि रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो फिरू लागतो, ‘याच्यापासून सावध राहा.’

फोटो मुलाचा असतो, पण मुलगी कोण, हे गल्लीला त्याच क्षणी कळतं. लहान मुलांवरचे असे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीतलेच लोक करतात. म्हणून त्याचं नाव फुटलं की तिचंही फुटतं. उद्या शाळेत बोटं तिच्याकडंच वळणार.

अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची जाहीर यादी कायद्यानंच केली. १९९६ साली ‘मेगन्स लॉ’ आला. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यानं गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षांची मुलंही नोंदणीत आणली. २०१४ मध्ये तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांची आजन्म नोंदणी घटनाबाह्य ठरवली. प्रत्येक मूल पुन्हा तेच करेल, हे गृहीतक न्यायालयानं मानलं नाही.

आपल्याकडं लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. मुलांच्या बाबतीत २०१५ चा बाल न्याय कायदा जास्त कडक आहे. कलम ७४ नुसार ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपिलाची मुदत संपली की मुलाच्या शिक्षेची नोंद नष्ट करायची. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाला अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयानं प्रौढासारखं दोषी ठरवलं, त्याची मात्र राहते. हा अपवाद हवाच.

‘तो सुटून परत शेजारीच आला तर?’ मुलीच्या आईचा हा प्रश्न खरा आहे, आणि फॉरवर्ड केलेल्या फोटोत त्याचं उत्तर नाही. पॉक्सोच्या, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती तपासापासून खटल्यापर्यंत मुलीच्या सोबतीला सहायक व्यक्ती नेमू शकते. आईनं ती हक्कानं मागावी.