मुंबई ते कवरत्ती: शिडाच्या बोटीचा बदलता बेत

गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटींपैकी एखादी डिसेंबरात लक्षद्वीपला निघते, तेव्हा तिच्या नकाशावरची रेघ विलक्षण सरळ दिसते. लक्षद्वीपची राजधानी असलेले कवरत्ती हे बेट मुंबईच्या जवळजवळ थेट दक्षिणेला आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत सव्वाआठ अंशांहून थोडा अधिक फरक असल्याने अंतर सुमारे ५०० सागरी मैल भरते. ताशी ५ सागरी मैलांचा वेग धरला, तर हा चार दिवस-रात्रींचा प्रवास होय. शिडावर जाणारा जाणता माणूस मात्र सहसा या रेघेवरून जात नाही.

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यालगत दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो. या दोन्हींचा फायदा घेत जयगड, गोवा, कारवार असे टप्प्याटप्प्याने खाली उतरता येते. किनारा सोडून खोल समुद्रात गेल्यावर वारा अनेकदा इतका पडतो की शीड नुसते फडफडत राहते. मग इंजिन सुरू करावे लागते, डिझेलचा हिशेब चुकतो आणि चार दिवसांचा प्रवास सहावर जातो. बेत पहिल्यांदा बदलतो तो असा, वादळाची चाहूलही नसताना.

वादळाचे गणित वेगळे. डिसेंबर हा सुरक्षित महिना मानला जातो. तरीही २०१७ साली ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळून लक्षद्वीपवर आले आणि पुढे उत्तरेकडे वळले, तेव्हा ५ डिसेंबरला मुंबईतही पाऊस पडत होता. म्हणून बेटांकडे वळायचे की किनाऱ्यानेच पुढे जायचे, हा निर्णय गोवा किंवा कारवारच्या आसपास, मागे आसरा असतानाच घ्यावा. तेथे हवामान विभागाचा अंदाज शंकास्पद वाटला, तर चार दिवस थांबण्यात कमीपणा नाही. अडचण बहुधा माणसांची असते: लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाहून परतीचे विमान धरायचे असलेला एक पाहुणा बोटीवर असला, की साऱ्यांनाच ढग विरळ दिसू लागतात.

बेटांपाशी पोहोचल्यावरचा बदल सर्वांत जड जातो. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत. बहुतेक ठिकाणी वस्तीचा भूभाग पूर्वेच्या कडेला असतो आणि पश्चिमेला उथळ लगून पसरलेले असते, ज्याच्या भोवतालच्या प्रवाळभिंतीतून आत शिरायला अरुंद वाटा असतात. पाण्याखालचे प्रवाळखडक डोळ्यांनी ओळखायचे, तर सूर्य बराच वर आणि पाठीमागे हवा. पश्चिमेच्या वाटेने पूर्वेकडे तोंड करून शिरणाऱ्या बोटीला सकाळचे ऊन समोरून येते, पाणी नुसते चकाकते आणि तळाचा रंग कळत नाही. दुपार कलू लागल्यावरच वाट उघडी होते. सूर्यास्ताला बेट गाठणाऱ्या बोटीने, माडांची रांग डोळ्यांसमोर असतानाही, पुन्हा खोल समुद्राकडे तोंड फिरवावे आणि रात्र बाहेर काढावी. थकलेल्या खलाशांना हे पटवणे, माझ्या मते, तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, कामातले सर्वांत अवघड काम आहे.

एक बेट नाही जमले म्हणून दुसरे गाठू, हेही तितके सोपे नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना आधीच काढावा लागतो, म्हणून पर्यायी बेटांचा विचार मुंबईतच, अर्ज भरताना व्हायला हवा. गोड्या पाण्याचेही तेच. या बेटांवर नद्या नाहीत आणि कवरत्तीत २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प चालतो, तो रहिवाशांसाठी. बोटीने आपले पाणी, लांबलेल्या दिवसांसकट, बरोबर न्यावे.

जाताना सोयीचा असलेला वायव्य वारा परतीला थेट तोंडावर येतो. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, तिला नागमोडी जावे लागते आणि ५०० मैलांचे अंतर बरेच वाढते. अशा वेळी बोट पूर्वेला वळवून कोचीत ठेवावी आणि माणसांनी कोकण रेल्वेने मुंबई गाठावी, हा पर्याय निघण्यापूर्वीच बेतात लिहून ठेवलेला बरा; कोचीतल्या मुक्कामाचा खर्चही त्यातच धरावा.