स्लॉसनच्या नाक्यावरचे दुकान: निप्सी हसल

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागात क्रेनशॉ बुलेव्हार्ड आणि स्लॉसन अ‍ॅव्हेन्यू हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या नाक्यावर वाहनतळाच्या कडेने बांधलेल्या बैठ्या गाळ्यांची एक साधी रांग होती. या वाहनतळात एका तरुणाने मोटारीच्या डिकीतून आपल्या गाण्यांच्या सीडी विकल्या, आणि त्याच्या थोरल्या भावाने मोजे व टी-शर्ट विकले. पुढे दोघा भावांनी तेथेच भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटले आणि २०१९ च्या सुरुवातीस भागीदारांसह ती सबंध जागाच विकत घेतली. हा तरुण रॅप संगीताच्या जगात निप्सी हसल या नावाने ओळखला गेला. संगीत आणि कपडे हे दोन्ही धंदे स्वतःच्या मालकीचे असावेत आणि ज्या वस्तीने आपल्याला घडवले तिच्यातच ते उभे राहावेत, हा त्याचा आग्रह होता. तो त्याने किती चिकाटीने निभावला, हे या चित्रफितीत आपण पाहणार आहोत.

त्याचे जन्मनाव अर्मियास जोसेफ अस्गेडोम. जन्म १५ ऑगस्ट १९८५, लॉस एंजेलिस. आई आफ्रिकन-अमेरिकन, तर वडील स्वातंत्र्ययुद्धात होरपळणाऱ्या, पूर्व आफ्रिकेतील एरिट्रियातून अमेरिकेत आलेले. आई आणि आजी यांच्या छायेत तो वाढला. त्याच्या बालपणीचे दक्षिण लॉस एंजेलिस म्हणजे कारखाने बंद पडल्याने कामधंदा आटलेले, क्रॅक कोकेनच्या व्यापाराने पोखरलेले आणि रस्त्यांची वाटणी टोळ्यांनी करून घेतलेले शहर होते. १९९२ च्या दंगलीत हा भाग पेटला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्याने शाळा सोडली आणि 'रोलिन सिक्स्टीज' या क्रिप्स टोळीच्या शाखेत तो सामील झाला. ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही, आणि त्याच्या चाहत्यांनीही ती झाकू नये, कारण पुढे त्याने वस्तीसाठी जे केले त्याचे वजन या भूतकाळाशिवाय कळत नाही.

२००४ मध्ये वडील आणि भावासह तो एरिट्रियाला गेला आणि तेथे सुमारे तीन महिने राहिला. पोलीस, अधिकारी, दुकानदार, राष्ट्राध्यक्ष, सगळे आपल्याच वर्णाचे असलेला देश तो प्रथमच पाहत होता, आणि या दर्शनाने आपली दृष्टी बदलली असे त्याने मुलाखतींतून वारंवार सांगितले. स्वातंत्र्यापासून एकाच राष्ट्राध्यक्षाच्या हाती असलेल्या आणि राष्ट्रीय निवडणूक न पाहिलेल्या या देशाची दुसरी बाजू त्याच्या बोलण्यात फारशी येत नसे. परंतु अठरा वर्षांच्या मुलाने तेथून जे घेतले ते राजकारण नव्हते. आपल्या माणसांच्या हाती आपल्या जागेची सूत्रे असू शकतात, ही शक्यता त्याने तेथे प्रत्यक्ष पाहिली होती.

परतल्यावर २००५ पासून त्याने मिक्सटेप काढायला सुरुवात केली. मिक्सटेप म्हणजे कंपनीच्या अधिकृत अल्बमच्या चौकटीबाहेर, बहुधा विनामूल्य वाटलेला गाण्यांचा संग्रह. या संग्रहांनी त्याचे नाव शहराबाहेर गेले आणि एपिक या मोठ्या कंपनीशी त्याचा करार झाला. अशा कराराचा हिशेब समजून घेतला पाहिजे. कंपनी नवोदित कलाकाराला आगाऊ रक्कम देते, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ती बक्षिसासारखी वाटते. प्रत्यक्षात ती उचल असते. ही उचल आणि ध्वनिमुद्रणासारखे खर्च कलाकाराच्या वाट्यातून वळते होईपर्यंत विक्रीतला पैसा त्याच्या हाती येत नाही, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, जिला या धंद्यात 'मास्टर्स' म्हणतात, बहुधा कंपनीकडेच राहते. २०१० मध्ये निप्सी या करारातून बाहेर पडला आणि 'ऑल मनी इन' या स्वतःच्या कंपनीतर्फे त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने 'द मॅरेथॉन' हा संग्रह प्रसिद्ध केला. लांब पल्ल्याच्या शर्यतीचे हे नाव पुढे त्याच्या कपड्यांनाही मिळाले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने जे केले, त्याची चर्चा संगीताच्या बाजारात आजही होते. 'क्रेनशॉ' हा संग्रह इंटरनेटवर कोणालाही फुकट उतरवून घेता येत होता. त्याच संग्रहाच्या केवळ १,००० प्रती छापून त्याने प्रत्येकीची किंमत १०० डॉलर ठेवली. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी १०० डॉलर कोण मोजील, असा प्रश्न कोणालाही पडला असता. त्याचे गणित वेगळे होते. लाखो श्रोत्यांकडून कवडी-कवडी गोळा करून ती कंपनीशी वाटून घेण्यापेक्षा, आपल्यावर मनापासून लोभ असलेल्या हजार माणसांना थेट विकावे, आणि ती खरेदी म्हणजे कलाकाराला दिलेला उघड पाठिंबा आहे हे त्यांना ठाऊक असावे, असा त्याचा विचार होता. चोवीस तासांच्या आत सगळ्या प्रती संपल्या. त्यांतल्या १०० प्रती एकट्या जे-झी या विख्यात रॅपरने घेतल्या. एका दिवसात एक लाख डॉलर जमा झाले, आणि या व्यवहारात कोणत्याही मोठ्या कंपनीचा वाटा नव्हता. पुढच्या वर्षाच्या अखेरीस 'मेलबॉक्स मनी' या संग्रहाच्या १०० प्रती त्याने प्रत्येकी १,००० डॉलरला विकायला काढल्या.

कपड्यांच्या धंद्याची वाट संगीताइतकीच जुनी होती, आणि तिच्यात थोरला भाऊ सॅमिएल याचा वाटा फार मोठा आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. हिप-हॉपमधून निघालेल्या अनेक कपड्यांच्या छापांचा (ब्रँडचा) प्रवास साधारण सारखाच असतो. कलाकाराचे नाव एखाद्या मोठ्या उत्पादकाला दिले जाते, माल देशभरच्या दुकानांत जातो आणि काही वर्षांनी छापच विकून टाकला जातो. या भावांनी उलटी दिशा धरली. १७ जून २०१७ रोजी 'द मॅरेथॉन क्लोदिंग' या नावाचे त्यांचे नवे दुकान उघडले ते कोणत्याही झगमगत्या बाजारपेठेत नव्हे, तर स्लॉसनच्या त्याच नाक्यावर. तरुण तंत्रज्ञ इद्रिस सांडू याच्या मदतीने त्यांनी एक अ‍ॅप बनवून घेतले होते. दुकानातल्या एखाद्या टी-शर्टसमोर फोन धरला की त्या कपड्याशी जोडलेले अप्रकाशित गाणे किंवा चित्रफीत फोनवर सुरू होत असे. संगीत ऐकायचे तर दुकानात यावे लागे, आणि दुकानात यायचे तर क्रेनशॉला यावे लागे. ज्या वस्तीचे नाव बातम्यांत केवळ गोळीबाराच्या संदर्भात येई, ते नाव छातीवर वळणदार अक्षरांत छापलेला टी-शर्ट विकत घेण्यासाठी लोक दूरदूरहून येऊ लागले. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सनेही तो शर्ट घातला. दुकानात कामाला माणसे आसपासचीच होती, आणि तुरुंगवास भोगल्यामुळे ज्यांना अन्यत्र दारे बंद होती अशांनाही तेथे काम मिळाले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये 'व्हिक्टरी लॅप' हा त्याचा पहिला पूर्ण अल्बम आला. तो अटलांटिक कंपनीच्या भागीदारीत निघाला, परंतु मास्टर्सची मालकी त्याने सोडली नव्हती. कारकीर्द सुरू झाल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी आलेला हा अल्बम अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत चौथ्या क्रमांकावर दाखल झाला आणि त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. त्याच महिन्यात गुंतवणूकदार डेव्हिड ग्रॉस याच्याबरोबर त्याने 'व्हेक्टर९०' ही संस्था उघडली. तेथे वस्तीतल्या उद्योजकांना कामासाठी जागा होती आणि मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची ओळख करून देण्याची सोय होती. क्रेनशॉवरून रस्त्याच्याच पातळीवर धावणारी रेल्वे येणार, तिच्यामागून जागांचे भाव वाढणार आणि जुने रहिवासी विस्थापित होणार, हे त्याला दिसत होते. त्यामुळे रेल्वेच्या कडेने कृष्णवर्णीय लॉस एंजेलिसचा इतिहास सांगणारे खुले कलादालन उभारण्याच्या 'डेस्टिनेशन क्रेनशॉ' या योजनेच्या प्रारंभीच्या चर्चांत तो सहभागी झाला. गाळ्यांची जागा विकत घेण्यामागेही हाच विचार होता. तेथे खाली दुकाने आणि वर घरे असलेली सहा मजली इमारत बांधण्याचा बेत आखला गेला होता.

त्याच्या सगळ्याच भूमिका मान्य कराव्यात असे नाही. २०१८ च्या प्रारंभी समलिंगी पुरुषांना कमी लेखणारी त्याची एक समाजमाध्यमावरील नोंद टीकेस पात्र ठरली, आणि ती टीका योग्यच होती.

३१ मार्च २०१९ हा रविवार होता. नुकताच दीर्घ तुरुंगवास संपवून आलेल्या एका परिचिताला अंगावर घालायला धड कपडे हवे होते, म्हणून निप्सी सुरक्षारक्षकाविना दुकानावर आला होता. टोळीच्या ओळखीतलाच एक माणूस तेथे आला, थोडी बोलाचाली झाली, तो निघून गेला आणि परत येऊन त्याने गोळ्या झाडल्या. दुकानासमोरच निप्सी कोसळला. वय अवघे ३३. टोळ्यांचा हिंसाचार कसा रोखता येईल यावर चर्चा करण्यासाठी शहराच्या पोलिसांशी त्याची बैठक दुसऱ्याच दिवशी ठरलेली होती. जो परिचित कपडे घ्यायला आला होता, तोही गोळीने जखमी झाला. त्यानंतर त्यालाच टोळीशी संबंध ठेवल्याच्या, म्हणजे निप्सीला भेटल्याच्या कारणावरून पॅरोलच्या अटींचा भंग केला म्हणून अटक झाली. जनतेच्या संतापानंतर ते प्रकरण मागे घेण्यात आले. शहरात मानसन्मान मिळवणारा उद्योजक आणि पोलीस दप्तरातला टोळीचा सदस्य, या दोन नोंदी एकाच माणसाच्या नावे अखेरपर्यंत कशा चालू राहिल्या, हे या एका अटकेतून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

११ एप्रिल रोजी स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहात झालेल्या शोकसभेत माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे पत्र वाचण्यात आले. सभेनंतर त्याची अंत्ययात्रा दक्षिण लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून सुमारे २५ मैल फिरली आणि दुकानावरूनही गेली. जानेवारी २०२० मध्ये त्याला मरणोत्तर दोन ग्रॅमी मिळाले. मारेकऱ्याला जुलै २०२२ मध्ये ज्युरीने खुनाबद्दल दोषी ठरवले, आणि पुढच्या वर्षी त्याला किमान ६० वर्षांची जन्मठेप झाली.

मालकीबद्दल इतका दक्ष असलेल्या निप्सीने मृत्युपत्र मात्र केलेले नव्हते. त्यामुळे त्याच्या दोन मुलांच्या वतीने मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी भावाला न्यायालयात जावे लागले. मृत्यूला दोन महिनेही उलटले नव्हते, तोच 'द मॅरेथॉन कंटिन्यूज' या त्याच्या घोषवाक्याच्या व्यापारचिन्हासाठी क्रिप्स टोळीच्या नावाने नोंदलेल्या एका कंपनीने अर्ज दाखल केला. कुटुंबाने त्या अर्जाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. द मॅरेथॉन क्लोदिंगचा कपड्यांचा व्यवसाय त्याच्या पश्चात कुटुंबानेच चालू ठेवला आहे.