उशी टाचेखाली

(गोव्यात फोंडा इथे ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. तुम्ही सगळे जिना चढून वर येत होता तेव्हा मी दारात उभी राहून पाहत होते. एक हात कठड्यावर, चांगला पाय वरच्या पायरीवर, मग दुखरा पाय त्याच पायरीवर ओढून घ्यायचा, थोडं थांबायचं, मग पुढची पायरी. निम्म्याहून जास्त माणसं अशीच चढली. गुडघ्याला इथे घरात आपण धोंपर म्हणतो. त्याचं दुखणं किती घरांत आहे हे त्या जिन्यावरच कळलं.

मी सर्जन नाही. गेली २२ वर्षं फिजिओथेरपी करते. गुडघ्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं आणि ते सर्जन करतात. त्यानंतरचे सहा आठवडे मात्र घरात जातात, आणि गुडघा कसा चालणार हे बरंचसं त्या सहा आठवड्यांत ठरतं. आज मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे. तुमच्याबरोबर मुलं, सुना, जावई आले आहेत याचा मला फार आनंद आहे, कारण जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘सांधा बदलला’ म्हटलं की लोकांना वाटतं, गुडघा कापून काढला आणि लोखंडाचा बसवला. तसं नसतं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं साधारण ८ ते १० मिलिमीटर कापतात आणि त्यांवर धातूचं आवरण बसवतात, दाताला कॅप बसवतात तसं. मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती असते. ती गेलेल्या कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचं, काम करते. बाजूचे अस्थिबंध, स्नायू, शिरा, कातडी सगळं तुमचंच राहतं. दहा वर्षं लंगडत चालून मांडीचा जो स्नायू सुकला, तो ऑपरेशननंतरही सुकलेलाच असतो. नवा सांधा त्याला ताकद देऊ शकत नाही. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईत ब्रीच कँडीला डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा हे ऑपरेशन आपल्या घराघरांत पोचलं. देशाचे पंतप्रधान असले तरी व्यायाम त्यांनाही करावाच लागला असणार. तिथे कुणाला सूट नाही.

ऑपरेशन कधी करायचं? एक्स-रे पाहून नाही, माणूस पाहून. एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं असूनही रोज देवळात चालत जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि जेमतेम झिजेच्या गुडघ्याने रात्र-रात्र तळमळणारीही. रात्री दुखण्याने झोपमोड होते, सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालवत नाही, गोळ्यांशिवाय दिवस जात नाही, पाय बाहेरच्या बाजूला वाकत चालला आहे, असं झालं की सर्जनला भेटा. एक्स-रे उभं राहून काढलेला असू द्या. झोपून काढलेल्यात हाडांमधली फट आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आणि त्याआधी तीन महिने मनापासून वजन आणि मांडीचा व्यायाम या दोन गोष्टी करून बघा. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. काहींचं ऑपरेशन यानेच पाच-सात वर्षं पुढे गेलेलं मी पाहिलं आहे. ज्यांचं नाही गेलं, त्यांना तो व्यायाम ऑपरेशननंतर कामी आला. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते सर्जनला जरूर सांगा. त्यानंतर निदान तीन महिने ऑपरेशन टाळतात, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

जंतुसंसर्ग. याला सगळ्यांनी घाबरायला हवं. तो शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, पण ज्याला होतो त्याचा बसवलेला सांधा कधी कधी काढावा लागतो. म्हणून साखर ताब्यात हवी, किडलेला दात आधी काढून घ्यायला हवा, लघवीची जळजळ असेल तर ती आधी बरी व्हायला हवी. आणि पाय बघा. आपल्याकडे पावसात बागायतीत, कुळागरात अनवाणी काम करणाऱ्यांच्या बोटांमध्ये चिखल्या असतात, टाचेला भेगा असतात. कोणी त्यांना रोग समजत नाही. माझ्या एका पेशंटचं ऑपरेशन त्या दोन बोटांमधल्या ओल्या कातडीसाठी सर्जननी तीन आठवडे पुढे ढकललं. घरचे रागावले. मला विचाराल तर सर्जननी योग्य केलं.

आणि चवथीच्या, गणेशचतुर्थीच्या, तोंडावर ऑपरेशन ठरवू नका. दरवर्षी जुलै संपत आला की फोन सुरू होतात, “ताई, चवथीपर्यंत आई उभी राहील ना?” राहील. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, ओल्या चपला दारात, फरशी निसरडी, सुना स्वयंपाकात, आणि आईला व्यायाम करवणारं कोणी नाही. ज्या दिवसांत घरातलं एक माणूस सहा आठवडे मोकळं असेल, ते दिवस निवडा.

आता उशीकडे येते.

माझ्या आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी याच व्यवसायात होते. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन ती उभी राहिली, चौथ्या दिवशी घरी आली. मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन दुसऱ्यांचे गुडघे सरळ करत होते. आईजवळ मावशी होती. आई कण्हली की मावशी तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवायची. मऊ, कापसाची, घरची उशी. आईला लगेच बरं वाटायचं, डोळा लागायचा. संध्याकाळी येऊन मी ती उशी बघायची आणि आई शांत झोपली आहे म्हणून तशीच राहू द्यायची. तेवढ्या वेळापुरती मी फिजिओथेरपिस्ट नव्हते, मुलगी होते.

सहाव्या आठवड्यात मी गोनिओमीटर लावला. कोन मोजायची ती साधी दोन पट्ट्यांची फूटपट्टी असते. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या. पाय पूर्ण सरळ व्हायला १५ अंश कमी पडत होते. मी पुन्हा मोजलं, पुन्हा १५. आई आज ८१ वर्षांची आहे, दुखणं गेलं आहे, पण ती लंगडते. तो पाय आखूड झाल्यासारखा पडतो आणि संध्याकाळी कंबर धरते.

असं का होतं ते समजून घ्या. सुजलेल्या सांध्यात पाणी भरलेलं असतं आणि किंचित वाकवला की आतला दाब उतरतो. म्हणून वाकवून ठेवलं की बरं वाटतं. पण आत जखम भरत असते, आणि ज्या स्थितीत पाय पडून राहतो त्याच स्थितीत मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडून बसतात. सहा आठवड्यांनी ते ताणले जाणं अवघड होतं, तीन महिन्यांनी फारच अवघड. सगळे विचारतात, “किती वाकेल?” कोणी विचारत नाही, “पूर्ण सरळ होईल ना?” चालायला आधी सरळ पाय लागतो.

म्हणून उशी टाचेखाली ठेवा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं. दिवसातून चार-पाच वेळा. त्याच वेळी गुडघा खाली दाबून पाच आकडे मोजायचे. मागची शीर ताणली जाते, दुखतं, आणि ते दुखणं सोसावं लागतं. वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, नंतर नाही. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. सुनांना, मुलांना माझं हात जोडून सांगणं आहे: आई रडली तरी उशी काढून घ्या. तुमचा कळवळा मी समजते, कारण मीही तेच केलं.

वाकणं साधारण दोन आठवड्यांत ९० अंश आणि तीन महिन्यांत ११० ते १२० व्हायला हवं. खुर्चीतून उठायला, जिना चढायला तेवढं पुरतं. जिन्यात वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा आधी. पोटरीला तेल लावून चोळायची आपल्याकडे फार सवय आहे. ती पूर्ण बंद. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. जखमेतून पाणी झिरपत राहिलं, ताप आला तर तेच.

काही गोष्टींना मात्र घाबरू नका. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर राहते. चालताना टकटक आवाज येतो. सहा-सहा महिने गुडघा हाताला गरम लागतो. हे सगळं होतंच.

खर्चाचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले. बिलात सांध्याची किंमत, कंपनीचं नाव, बॅच नंबर वेगळे दाखवलेले आहेत का ते पाहा आणि सांध्याच्या पाकिटावरचं स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून घ्या. पंधरा वर्षांनी ते लागू शकतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर यातलं काय बसतं, ते ॲडमिट होण्याआधी विचारा. रोबोटच्या मदतीने होणाऱ्या ऑपरेशनबद्दल विचाराल, तर हाड कापण्यात नेमकेपणा येतो हे खरं. पण माझ्यासमोर निवड असेल तर मी यंत्राआधी सर्जनचा अनुभव विचारीन. सांधा टिकतो किती? जुन्या नोंदींवरून दहांतले आठ सांधे २५ वर्षं टिकलेले दिसतात. पण पाचांतला एक जण ऑपरेशननंतर म्हणतो की वाटलं होतं तसं झालं नाही. त्यातली बरीच माणसं चुकीची आशा धरून आलेली असतात. कोणी त्यांना आधी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून मी पहिल्या भेटीतच विचारते, खाली बसून कोणतं काम करता? बांदोड्याच्या एका आजींनी सांगितलं, “आदोळी.” म्हणजे नारळ खवायची, लाकडी फळीची विळी. जेवणाला रोज दोन नारळ, आदोळीवर एक पाय मुडपून बसून खवायचे, पन्नास वर्षं. मी स्पष्ट सांगितलं, ते आता जमणार नाही. गुडघा एखाद वेळी तेवढा वाकेलही, पण रोज तसं बसून नवा सांधा झिजवायचा नाही. त्या गप्प झाल्या. ऑपरेशन करणार नाही म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चार महिन्यांनी परत आल्या. या खेपेला मुलगा बरोबर होता. त्याने परसात चिऱ्यांचा कमरेएवढा ओटा बांधून घेतला होता आणि आदोळीची फळी त्यावर पक्की बसवली होती. आजींनी आधी महिनाभर उभं राहून खवायची सवय केली, मग ऑपरेशनची तारीख घेतली. सहाव्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. मी गोनिओमीटर काढला तर म्हणाल्या, “थांब, आधी हा नारळ होऊ दे.”