वळणरस्ता आणि त्याच्या कडेची टपरी

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळच्या गर्दीत नाशिकच्या द्वारका चौकात अडकून तुम्ही हे भाषण ऐकत असाल, तर मुहूर्त बरा साधलाय. मला वळणरस्त्याबद्दलच, म्हणजे बायपासबद्दलच बोलायचं आहे.

आपल्याकडे 'जुना आग्रा रोड' आहे. त्या 'जुना' शब्दाकडे आपण कधी नीट पाहत नाही. एके काळी हा हमरस्ता गावातूनच जायचा. 1895 साली बांधलेला व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आपला होळकर पूल, ओलांडून पंचवटीतून पुढे. गावात गाड्या मावेनाशा झाल्या, तसा महामार्ग बाहेरून नेला, द्वारकेवरून, कन्नमवार पुलावरून. आज जिच्या नावानं आपण बोटं मोडतो ती द्वारका तेव्हा आपली सुटका होती!

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. रस्ता बाहेर गेला की पाठोपाठ गाव जातं. आधी चहाची टपरी, शेजारी पंक्चरवाला, मग गॅरेज, मंगल कार्यालय, शोरूम. प्रत्येकाला दारासमोर दुभाजकात फट हवी, आणि ती मिळतेही. मग 2013 मध्ये उड्डाणपूल आला. धुळ्याहून मुंबईला जाणारा ट्रक आता वरून निघून जातो, हे खरंच चांगलं झालं. पण पुण्याकडे वळणारा खालीच. नाशिकरोडची बस खाली, रिक्षा खाली, रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईही खालीच.

आता 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्तानं शहराबाहेरून रिंगरोडची तयारी आहे. तो व्हावा, या मताचा मी आहे. फक्त टपरीची जागा आधी नकाशात दाखवा. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला चहा लागणारच, त्याला हाकलून काय साधणार? मुख्य रस्त्यापासून आत, सर्व्हिस रोडवर, आत शिरायला एक तोंड आणि बाहेर पडायला दुसरं. मधे कुठेही फट नाही, मागणारा कितीही वजनदार असो. (वजनदार लोकांनाच फटी लवकर मिळतात, हेही आपण पाहिलंय.)

आणि आत, गावात काय? ट्रक बाहेर गेले म्हणून मोकळी झालेली जागा आपल्याच मोटारी भरून काढणार असतील, तर मेनरोडला आणि रविवार कारंजाला रिंगरोडचा काय उपयोग? ती जागा बसला आणि पायी चालणाऱ्यांना द्यायला हवी. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. रिंगरोडमुळे त्या गल्ल्या काही रुंद होणार नाहीत. भाविकाची गाडी बाहेरच्या वाहनतळावर थांबवता येईल, तिथून त्याला बसनं आणता येईल. शेवटचा टप्पा मात्र त्याला पायीच यायचं आहे, आणि त्या वाटेवर दुचाकी लावलेली नसावी. माझीसुद्धा.