त्रेशान्या की त्रेश्न्यी?

[बेलग्रेड, कालेनिच मंडई]
चेरीचा हंगाम. ढीग लागलेत. कुणी 'किलो त्रेशान्या' मागतं, कुणी 'किलो त्रेश्न्यी'. चेरी तीच, भाव तोच, आणि सर्बियन व्याकरणाच्या लेखी दोघंही बरोबर. षष्ठीचं अनेकवचन दोन्ही तऱ्हांनी होतं.

सर्बियनमध्ये विभक्त्या सात, आणि एकाच विभक्तीला दोन प्रत्यय चालतात अशा जागा कितीतरी. बोलणारा त्यातून निवडतो कसा? बहुतेकदा कानाने.

ग्राद म्हणजे शहर, त्याची तृतीया ग्रादोम. मूझ म्हणजे नवरा. शेवटी तालव्य व्यंजन, म्हणून मूझेम. या हिशेबाने बेचचं, म्हणजे व्हिएन्नाचं, बेचेम व्हायला हवं. पण लागोपाठ दोन ए नकोसे होतात, म्हणून बेचोम. विभक्तीला सर्बियन माणूस पादेझ म्हणतो, तिचंही पादेझोमच. त्सारला, म्हणजे सम्राटाला, मात्र त्सारेम आणि त्सारोम दोन्ही चालतात.

ल्युबाव म्हणजे प्रेम. नुसतं 'प्रेमाने' म्हणायचं तर ल्युबाव्ल्यू, कारण तृतीयेचं दुसरं रूप ल्युबावी, आणि ते एकटं आलं तर षष्ठीतही तसंच, चतुर्थीतही तसंच. आधी विशेषण आलं की विभक्ती ते दाखवतं, आणि वेलिकोम ल्युबावी, 'मोठ्या प्रेमाने', हेही चालून जातं. किती बारीक समज आहे ही! आणि ती शाळेत जायच्या आधीच आलेली असते.

[नोवी साद, मातित्सा सर्प्स्का]
1826 मध्ये पेश्तला, म्हणजे आजच्या बुडापेस्टमध्ये, स्थापन झालेली ही सर्बियन साहित्य-संस्कृतीची संस्था 1864 मध्ये इथे आली. तिने झाग्रेबच्या मातित्सा हर्वात्स्का या क्रोएशियन संस्थेबरोबर 1960 मध्ये काढलेला हा शुद्धलेखनाचा ग्रंथ. मुखपृष्ठावरची सिरिलिक अक्षरं नीट बघा: 'प्रावोपिस सर्प्स्कोहर्वात्स्कोगा क्निझेव्नोग येझिका', म्हणजे 'सर्बो-क्रोएशियन साहित्यिक भाषेचं शुद्धलेखन'. दोन विशेषणं, दोन्ही षष्ठीत. पहिल्याला लांब 'ओगा', दुसऱ्याला आखूड 'ओग'. नजरचुकीने नव्हे. विशेषणं ओळीने आली की पहिलं लांब आणि पुढचं आखूड ठेवायचं, म्हणजे वाक्याला लय येते, असा हा जुना रिवाज.

आणि हा 1993 चा ग्रंथ: 'प्रावोपिस सर्प्स्कोगा येझिका', 'सर्बियन भाषेचं शुद्धलेखन'. विशेषण एकच, तरी लांब प्रत्यय टिकलाय. शुद्धलेखनाचे नियम सांगणाऱ्या पुस्तकाने स्वतःच्या नावात तो अभिमानाने मिरवावा, याहून मोठी मान्यता कोणती?

रोजच्या बोलण्यात मात्र आखूड 'ओग'च सर्रास ऐकू येतो. 'ओगा' आता पुस्तकी वाटायला लागलाय.