इवुड पार्क ते सिंहगड रस्ता

(दृश्य: सकाळची वेळ. सिंहगड रस्त्यावरची वाहतूक. अंड्यांचे ट्रे रचलेला एक टेम्पो.)

निवेदन:

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर ज्या उद्योगसमूहाचे मुख्यालय आहे, त्याचे नाव महाराष्ट्रात कोंबडी आणि अंडी यांच्याशिवाय क्वचितच कशाशी जोडले जाते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याऐवजी उत्पादकाने जाहीर करायचा, ही पद्धत रूढ होऊ लागली. कुक्कुटपालन हा घरामागच्या खुराड्यातला जोडधंदा न राहता मोठा उद्योग झाला, त्यात या माणसाचा वाटा किती मोठा आहे हे त्या धंद्यातला कोणीही सांगेल. राव १९९६ साली वारले. कारभार कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी यांच्याकडे आला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये या भावंडांच्या वेंकीज समूहाने असा एक व्यवहार केला की सिंहगड रस्त्याचे नाव येथून सात हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या एका गावात घराघरांत पोचले. त्या गावाचे नाव ब्लॅकबर्न. २ कोटी ३० लाख पौंड मोजून त्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला आणि त्याचे कर्जही अंगावर घेतले. प्रीमियर लीग या इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतल्या क्लबची मालकी एखाद्या भारतीय कंपनीकडे जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

(दृश्य: लँकेशायर. जुन्या गिरण्यांची धुराडी, कालवा, उतारावरची विटांची घरे.)

ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लँकेशायरमधले गिरणगाव. येथल्या मागांवर एकेकाळी भारतासाठी धोतराचे कापड विणले जात असे. विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ या भागाला लागली, तेव्हा १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी शेजारच्या डार्वेन येथे आले आणि त्यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी ऐकली. गिरण्या पुढे बंद पडल्या, फुटबॉल मात्र राहिला. १८७५ साली स्थापन झालेला रोव्हर्स हा १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगच्या संस्थापक क्लबांपैकी एक. १९१२ आणि १९१४ साली त्याने विजेतेपद मिळवले आणि एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा सहा वेळा जिंकली, त्यांतली शेवटची १९२८ साली. निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या रंगाचा त्यांचा सदरा इंग्लंडमध्ये लांबूनही ओळखू येतो. १९६६ साली मात्र हा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि पुढची सव्वीस वर्षे परत वर आलाच नाही.

(दृश्य: रोव्हर्सचे मैदान असलेल्या इवुड पार्कबाहेर उभा असलेला जॅक वॉकर यांचा ब्राँझचा पुतळा.)

हा पुतळा खेळाडूचा नाही, प्रशिक्षकाचाही नाही. फुटबॉलच्या मैदानाबाहेर मालकाचा पुतळा उभारला जावा आणि लोकांनी आपण होऊन तेथे फुले वाहावीत, हे फार थोड्या ठिकाणी घडले असेल.

जॅक वॉकर यांचा जन्म १९२९ साली ब्लॅकबर्नमध्येच झाला. वडिलांचे पत्र्याच्या कामाचे छोटे दुकान होते. त्यातून जॅक आणि त्यांचे बंधू फ्रेड यांनी वॉकरस्टील ही पोलादाच्या साठ्याची आणि विक्रीची मोठी कंपनी उभी केली आणि १९८९ साली ती ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली. लहानपणापासून ज्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, त्या संघासाठी आता हा पैसा खर्च करायचा, असे त्यांनी ठरवले. जानेवारी १९९१ मध्ये क्लबचा ताबा त्यांच्याकडे आला. त्या हंगामाअखेर रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत चोवीस संघांत एकोणिसावे होते.

पुढची चार वर्षे म्हणजे एखाद्याने जुन्या वाड्याचा पायापासून जीर्णोद्धार करावा तशी होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये केनी डॅल्ग्लिश प्रशिक्षक म्हणून आले. लिव्हरपूलला विजेतेपदे मिळवून देऊन काही महिन्यांपूर्वीच पद सोडलेला हा माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या गिरणगावच्या संघाकडे येईल, असे कोणालाही वाटले नव्हते. १९९२ च्या मे महिन्यात बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात लेस्टरला एका पेनल्टीवर हरवून रोव्हर्स नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगमध्ये दाखल झाले. त्याच उन्हाळ्यात साउदॅम्प्टनकडून ॲलन शियररला घेतले गेले, आणि १९९४ मध्ये नॉर्विचच्या ख्रिस सटनसाठी ५० लाख पौंड मोजले गेले. हे दोन्ही व्यवहार त्या त्या वेळी ब्रिटनमधले विक्रमी होते. दरम्यान इवुड पार्कचे तीन बाजूंचे स्टँड पाडून नव्याने बांधले गेले.

(दृश्य: १४ मे १९९५, ॲनफिल्ड. प्रेक्षकांच्या कानाला लावलेले ट्रान्झिस्टर.)

हंगामाचा शेवटचा सामना लिव्हरपूलच्या मैदानावर होता, आणि विजेतेपदाची चुरस मँचेस्टर युनायटेडशी होती. शियररने गोल करून आघाडी मिळवून दिली, लिव्हरपूलने बरोबरी साधली, आणि अगदी अखेरच्या क्षणी जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात जाऊन रोव्हर्स २–१ असे हरले. काही क्षण मैदानावर कोणाला काय करावे हे सुचेना. तेवढ्यात लंडनहून बातमी आली की मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध १–१ अशी बरोबरीच साधता आली आहे. ८९ विरुद्ध ८८, अशा एका गुणाने रोव्हर्स ८१ वर्षांनी विजेते झाले होते. सामना हरलेला संघ नाचत होता आणि सामना जिंकलेल्या लिव्हरपूलचे प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते, कारण युनायटेडचे विजेतेपद हुकल्याचा आनंद त्यांना स्वतःच्या विजयाहून मोठा होता.

'विकत घेतलेले विजेतेपद' अशी टीका त्या वेळीही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण पैसा वॉकर यांचा असला, तरी खेळाडू निवडण्याचा अधिकार डॅल्ग्लिश यांचा होता आणि दैनंदिन कारभार फुटबॉल जाणणाऱ्या माणसांकडे होता. वॉकर स्वतः करसवलतीसाठी जर्सी बेटावर राहत आणि सामन्यांसाठी तेथून विमानाने येत. म्हणजे मालक तेव्हाही गावात राहत नव्हता. तरीही गावाला तो आपला वाटे.

मात्र एका माणसाच्या खिशावर उभे राहिलेले हे वैभव पुढे किती काळ टिकेल, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. इवुड पार्कची क्षमता सुमारे ३१,०००, गाव लाखभर वस्तीचे. तिकिटांच्या उत्पन्नातून मँचेस्टर किंवा लिव्हरपूलशी बरोबरी होणे शक्य नव्हते. विजेतेपदानंतर लगेच डॅल्ग्लिश यांनी प्रशिक्षकपद सोडले. १९९६ मध्ये शियरर दीड कोटी पौंडांच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये संघ खाली घसरला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारले, आणि पुढच्याच वर्षी संघ पुन्हा वर आला, तो त्यांना पाहता आला नाही.

त्यांच्यामागे क्लब कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे राहिला. या दशकाबद्दल फारसे बोलले जात नाही, पण माझ्या मते हाच रोव्हर्सचा सर्वांत शहाणपणाचा काळ होता. २००२ मध्ये लीग कप जिंकला, २००६ मध्ये मार्क ह्यूज यांच्या संघाने सहावे स्थान मिळवले, आणि अध्यक्ष जॉन विल्यम्स यांनी बेताच्या पैशात संघ पहिल्या श्रेणीत टिकवून धरला. विश्वस्तांना मात्र दरवर्षी पैसा ओतत राहण्याची इच्छा उरली नव्हती, आणि ते काही वर्षे गिऱ्हाईक शोधत होते.

(दृश्य: नोव्हेंबर २०१०. इवुड पार्क. निळे-पांढरे मफलर घातलेले नवे मालक.)

सुरुवातीला स्वागतच झाले. पण महिनाभरातच, १३ डिसेंबर २०१० रोजी, अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलरडाइस यांना काढण्यात आले. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता. त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखालचे स्टीव्ह कीन आले, ज्यांनी पूर्वी एकाही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. ब्राझीलचा नामवंत खेळाडू रोनाल्डिन्हो याला आणण्याच्या गोष्टी जाहीरपणे झाल्या. तो ब्राझीलला परत गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये जॉन विल्यम्स यांनी क्लब सोडला. धंद्यात नवीन मालकाने जुना मुनीम जाऊ देऊ नये, निदान पहिली दिवाळी होईपर्यंत तरी, ही गोष्ट आपल्याकडे कोणताही किराणा व्यापारी जाणतो. ज्या समूहाने कोंबड्यांचा धंदा अंड्यापासून लसीपर्यंत बारकाईने बांधला, त्याला दुसऱ्या धंद्यात हे सुचू नये, याचे नवल वाटते.

त्याच काळात एक जाहिरात आली. रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून वेंकीजचे चिकन खात आहेत आणि मग मैदानात उतरत आहेत, असे त्यात दिसत होते. पुण्यात ती जाहिरात म्हणून पाहिली गेली, ब्लॅकबर्नमध्ये ती चेष्टा म्हणून. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात आला आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. ज्या हंगामात संघ गुणतक्त्याच्या तळाशी धडपडत होता आणि घरी प्रेक्षक प्रशिक्षकाविरुद्ध मोर्चे काढत होते, त्याच हंगामातली ही सहल होती.

(दृश्य: ७ मे २०१२ ची रात्र. संततधार पाऊस. प्रकाशझोतात चमकणारे ओले गवत.)

त्या रात्री विगनविरुद्ध जिंकणे भाग होते. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना प्रेक्षकांतून कोणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगाभोवती रोव्हर्सचे कापड गुंडाळलेले होते. भिजलेली, भांबावलेली ती कोंबडी पावसात इकडून तिकडे पळत राहिली आणि खेळ थांबवून तिला पकडावे लागले. पुढे ८७ व्या मिनिटाला विगनच्या अल्कराझने डोक्याने गोल केला आणि अकरा वर्षांनी रोव्हर्स पहिल्या श्रेणीबाहेर गेले. विगनचे मालक होते डेव्ह व्हेलन. हेच व्हेलन १९६० च्या एफए कप अंतिम सामन्यात रोव्हर्सकडून खेळताना पाय मोडून मैदानाबाहेर गेले होते. खेळ सुटल्यावर त्यांनी दुकानदारीत पैसा कमावला, १९९५ मध्ये चौथ्या श्रेणीतले विगन घेतले आणि दहा वर्षांत ते प्रीमियर लीगमध्ये आणले. त्यांच्या कुटुंबाने २०१८ मध्ये क्लब हाँगकाँगच्या कंपनीला विकला, आणि १ जुलै २०२० रोजी, मालकी पुन्हा हातबदल होऊन महिनाही उलटला नसताना, विगन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले.

ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, आणि मालकांवर टीका करताना हे सांगितले पाहिजे. पुण्याहून पैसा येत राहिला, आणि कर्ज व भागभांडवल मिळून ही रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेली. म्हणजे या मालकांनीही हात आखडता घेतला नाही. मात्र तो पैसा कोठे जातो, हे पाहणारे जाणते माणूस तेथे नव्हते. २०१२-१३ च्या एकाच हंगामात कीन गेले, १९९५ च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत काढले गेले, त्यानंतर मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. बर्ग यांना न्यायालयाच्या आदेशाने साडेबावीस लाख पौंड द्यावे लागले. २०१४ च्या डिसेंबरात खर्चाची मर्यादा ओलांडल्याबद्दल खेळाडू खरेदीवर निर्बंध आले. मे २०१७ मध्ये अखेरचा सामना ३–१ असा जिंकूनही संघ गोलफरकामुळे तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबची इतकी घसरण पूर्वी झाली नव्हती.

टोनी मोब्रे यांनी एका वर्षात संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणला, आणि त्यांना पाच वर्षांहून अधिक काळ काम करू दिले गेले. मालक तेच, पैसाही तोच, फक्त या वेळी हस्तक्षेप कमी झाला होता. मग २०२३ च्या सुमारास नवीच अडचण उभी राहिली. भारतातल्या तपास यंत्रणेच्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसा पाठवण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि जेवढी रक्कम पाठवायची तेवढीच बँक हमी ठेवावी लागू लागली. लँकेशायरमधल्या चाहत्यांवर दिल्लीच्या न्यायालयातल्या तारखा पाहून संघाच्या खरेदीचा अंदाज बांधण्याची वेळ आली.

(दृश्य: बालेवाडी. रिकामे स्टँड.)

बालेवाडीत रोव्हर्सविरुद्ध खेळलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. त्यानंतरचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. आपल्याकडे मालक कंटाळला की क्लबच मिटतो. इंग्लंडमध्ये गाव क्लब मिटू देत नाही, पण मालकही बदलू शकत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश संसदेचा कायदा मंजूर होऊन फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. तो मालकांची पात्रता तपासेल.

(दृश्य: इवुड पार्कबाहेर वॉकर यांचा पुतळा. सायंकाळ.)

ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला ॲडम व्हार्टन सहाव्या वर्षी रोव्हर्सच्या अकादमीत आला होता. २०२४ च्या हिवाळ्यात, पैशाची चणचण असताना, क्लबने त्याला १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकले. १७ मे २०२५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एफए कपच्या अंतिम सामन्यात पॅलेसने मँचेस्टर सिटीला १–० असे हरवले, तेव्हा एकवीस वर्षांचा व्हार्टन मधल्या फळीत खेळत होता. गावच्या मुलाच्या हातात त्या संध्याकाळी एफए कप होता, आणि अंगात पॅलेसचा सदरा.