मृत्युलेख लिहिणाऱ्यांसाठी

कलावंत गेल्याची बातमी आली की लिहिणाऱ्याच्या हाताशी फार तर दोन-तीन तास असतात. एवढ्या वेळात विशेषणं भरपूर सुचतात, तारखा मात्र सापडत नाहीत. मग ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ छापून येते आणि नाटक कुठल्या संस्थेचं होतं, कुठल्या साली आलं, हे राहून जातं. लेखकाची पुस्तकं तरी मागे उरतात. रंगभूमीवरच्या माणसाचं काम पडद्याबरोबर संपतं, त्यामुळे त्याच्यावरचा लेखच पुढे पुरावा म्हणून वापरला जातो आणि त्यातली चूक सगळीकडे उतरवली जाते. म्हणून आज भाषेबद्दल कमी आणि तपासणीबद्दल जास्त बोलू.

पहिली गोष्ट, माणूस खरंच गेला आहे का? मोबाइलवर फिरणारा मजकूर पुरावा धरायचा नाही, दहा जणांनी पाठवला तरी नाही. तो बहुधा एकाच ठिकाणाहून निघालेला असतो. घरच्या माणसाचा किंवा रुग्णालयाचा शब्द मिळेपर्यंत मजकूर तयार ठेवा, सोडू नका.

आता वय. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९चा, निधन १२ जून २०००चं. नुसती वजाबाकी केली तर ८१ येतात. पण वाढदिवस यायचा होता, म्हणजे वय ८० पूर्ण आणि ८१वं चालू. ‘वय ८०’ बरोबर, ‘वयाच्या ८१व्या वर्षी’ हेही बरोबर, ‘वय ८१’ चूक. नाटककार विजय तेंडुलकरांचं बघा : ६ जानेवारी १९२८ ते १९ मे २००८. तिथे वजाबाकीच बरोबर येते, ८० पूर्ण. तेव्हा आधी महिना बघायचा, मग वर्षं मोजायची.

जुन्या पिढीची जन्मतारीख मुळात कुठून आली, हेही विचारा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर सावध व्हा. प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी घातलेली ती तारीख निम्म्या महाराष्ट्राला आहे. घरी तिथी आणि शक लिहिलेला असेल तर पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. पौष ते फाल्गुनातले जन्म यातच हमखास एका वर्षानं चुकतात. पौष तर बहुतेकदा दोन इंग्रजी वर्षांत विभागलेला असतो, तिथे पंचांग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

नावांचं तसंच. कुसुमाग्रज जन्मानं गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. कविता कुसुमाग्रज नावानं, नाटकं वि. वा. शिरवाडकर नावानं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. लेखात ही नावं कंसात ओळीनं टाकून भागत नाही. कुठल्या नावाखाली काय लिहिलं ते सांगा, नाहीतर ग्रंथालयाच्या यादीत वाचकाला अर्धाच लेखक सापडेल.

मग कारकीर्द. ‘अष्टपैलू’ लिहिण्याऐवजी दोन-तीन सालं शेजारी शेजारी ठेवून बघा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. १९६९मध्ये पूर्णवेळ नट झाले, १९७०मध्ये ‘नटसम्राट’ नाटक, १९७२मध्ये ‘पिंजरा’ चित्रपट. चाळिशी ओलांडलेला डॉक्टर तीन वर्षांत कुठे पोचला, हे वाचकाला आपसूक कळतं. ‘नटसम्राट’ची नोंद पूर्ण करायची तर लेखक शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन. शिवाय त्यातला नायक गणपतराव बेलवलकर लागूंनंतर दत्ता भटांनीही केला. ‘ही भूमिका त्यांचीच’ असं एकाच्या मृत्युलेखात लिहिताना दुसऱ्याचं काम आपण खोडतो आहोत, हे ध्यानात असू द्या.

गाण्यांत तर गीतकार, संगीतकार, गायक हे तिघे सर्रास एकमेकांच्या जागी जातात. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये प्रसारित झालं. ५६ गीतं, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पण मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके अशा इतरांचेही आवाज होते. बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, जाहीर कार्यक्रमांमुळे सगळं त्यांनीच गायलं, असा समज पक्का झाला आहे.

जुन्या गायकनटाबद्दल मत देताना ध्वनिमुद्रिकेवर फार भिस्त ठेवू नका. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. नाट्यगृहात तेच पद ‘वन्समोअर’ घेत कितीतरी वेळ चाले. म्हणजे आपण ऐकतो तो घाईनं आवरलेला नमुना. त्यात संगणकावर चढवताना तबकडी वेगात फिरली असेल तर सूर चढतो, आवाज पातळ होतो, आणि ‘आवाज बारीक होता’ असा शेरा मृत माणसाच्या माथी बसतो. शंका आली तर साथीच्या पेटीचा सूर तपासा. तो कुठल्याच पट्टीत नीट बसत नसेल तर दोष बहुधा यंत्राचा. अर्थात पेटीच जुनी आणि उतरलेली असू शकते, तेव्हा एकाच मुद्रिकेवरून निकाल देऊ नये.

पुरस्कारांबद्दल थोडक्यात. सन्मानाचं साल आणि तो हाती पडल्याचं साल वेगळं असू शकतं. विंदा करंदीकरांचं ज्ञानपीठ २००३ सालचं, प्रदान झालं २००६मध्ये. ‘पद्मश्री’ नावाआधी लावायची नाही, ती पदवी नव्हे. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद लिहाल तर गाव आणि साल लिहा : दुर्गाबाई भागवत, कराड, १९७५.

मृत्यूचं कारण कुटुंबानं सांगितलं तेवढंच. ‘दीर्घ आजारानं’ पुरतं. आत्महत्या असेल तर पद्धत आणि चिठ्ठीतला मजकूर छापायचा नाही, मथळ्यात तर मुळीच नाही.

शेवटी छायाचित्र. संगीत नाटकांच्या काळातली पुष्कळ चित्रं स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेली आहेत. मागे सपाट बाग दिसते आणि उजेड एकाच बाजूनं येतो. बालगंधर्वांचं असं चित्र असेल तर चित्राखालच्या ओळीत ‘(‘मानापमान’मधल्या) भामिनीच्या वेशात’ लिहा, ‘प्रयोगातील क्षण’ लिहू नका; आणि छायाचित्रकाराचं नाव मागच्या बाजूच्या शिक्क्यावर मिळतं का, ते चौकटीतून चित्र काढून बघा.